बेचाळीस तास आणि एक 'नाही'

माझ्या मुलीने चार वर्षं खपून डायनासोरचा एक खेळ बनवला. संगणकावरचा. त्यासाठी हिंजवडीतली चांगली नोकरी सोडली, वारज्याला दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेतला, दोन सहकारी गोळा केले आणि तिथेच राहायला लागली. रविवारी धनकवडीला आमच्याकडे जेवायला यायची. तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं पाहून ताटात एक पोळी जास्त वाढण्यापलीकडे मी काही करत नव्हते. नातेवाईक विचारायचे, "काय करते हल्ली?" मी म्हणायचे, "संगणकाचं काहीतरी." हे खोटं नव्हतं, पण त्यात अभिमानही नव्हता.

खेळ असा होता: पुढच्या कुठल्यातरी काळात सह्याद्रीच्या जंगलात डायनासोर पुन्हा फिरायला लागलेत आणि आपण तिथले वनरक्षक आहोत. आपण स्वतः दिसत नाही. दिसतात फक्त आपले दोन हात आणि त्यांतली बंदूक. बाकी सगळं जंगल आपल्याच डोळ्यांनी बघायचं. या जातीच्या खेळांना फर्स्ट पर्सन शूटर म्हणतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

खेळ एकदाचा बाहेर आला आणि लोकांची मतं यायला लागली. ज्या ऑनलाइन दुकानात असे खेळ विकतात तिथे खेळणाऱ्याने चार ओळी लिहायच्या आणि खाली एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: हा खेळ इतरांनी घ्यावा का? हो की नाही. शंभरातल्या सत्तर जणांनी 'हो' म्हटलं, तर दुकान खेळाच्या नावाखाली शेरा लिहितं, 'बहुतांशी चांगला'. त्याखाली घसरलं की 'संमिश्र'. शाळेत आयुष्य गेल्यामुळे शेरा म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मुलीने स्वतःला एक अट घातली होती. महिनाअखेरपर्यंत 'बहुतांशी चांगला' हा शेरा टिकला तर दुसरा खेळ करायला घ्यायचा. नाही टिकला तर वारज्याचा फ्लॅट सोडायचा आणि जुन्या कंपनीत परत जायचं. कंपनीने परत बोलावलेलंच होतं. हे तिने आम्हाला वरणभात कालवता कालवता सांगितलं, जणू उद्याची भाजी कुठली ते सांगावं तसं. पण माझं पोर आहे ते. तिचा भात त्या दिवशी कालवूनच राहिला.

जेवणं झाली की ती फोनवरून मतं वाचून दाखवायची, परक्या भाषेतली मराठी करून. एकाने लिहिलं होतं, "मोठा डायनासोर दगडात अडकला होता. मी गोळ्या झाडून त्याला सोडवला आणि त्याने मला खाल्लं. उपकाराची जाण नाही." तरी त्याने 'हो' म्हटलं होतं. कुणी म्हणालं, बंदुकीचा आवाज कुकरचं झाकण पडल्यासारखा आहे. एकाने एवढंच लिहिलं होतं, "डायनासोर आहेत. बंदूक आहे. आणखी काय पाहिजे?" कुठल्याशा देशातल्या बाईने लिहिलं होतं की तिचा सात वर्षांचा मुलगा शेजारी बसतो आणि प्रत्येक प्राणी पडला की त्याला सॉरी म्हणतो. आणि एका महाभागाला अकराव्या मिनिटाला गरगरलं म्हणून त्याने खेळ बंद करून 'नाही' म्हटलं होतं, वर लिहिलं होतं की जंगलात वेगळं काहीच नाही.

"हे सगळे पुण्याचेच दिसतात," हे म्हणाले. हे म्हणजे आमचे हे. निवृत्तीनंतर बोलतात कमी आणि बोलतात ते असं.

मुलगी हसली. मी नाही हसले. माझ्या डोक्यात ती अकरा मिनिटं बसली होती. मी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. शेवटच्या पुरवणीचं शेवटचं पान उलटल्याशिवाय कुणाच्या पेपरवर कधी आकडा टाकला नाही. आणि इथे उचलली जीभ लावली टाळ्याला! माझ्या मुलीच्या चार वर्षांवर अकरा मिनिटांत शेरा!

दुसऱ्या दिवशी ह्यांना सांगितलं, "अहो, मला तो खेळ घेऊन द्या. तिला कळता कामा नये." मुलीच्या खोलीतला तिचा जुना संगणक अजून चालू होता. ह्यांनी दुकानात खातं उघडलं, नाव काय ठेवू विचारलं. मी म्हटलं, "निवृत्त."

दुपारी जेवण झाल्यावर एक ते चार मी खेळायला लागले. पुण्यात राहून मी माझी दुपारची झोप सोडली, यापुढे आईच्या मायेचा आणखी पुरावा कुणी मागू नये. पहिले दोन दिवस तर मी आकाशच बघत होते, कारण माउस जरा हलला की मान वर. मग झाडावर डोकं आपटणं आलं. त्या अकरा मिनिटंवाल्याला गरगरलं होतं ते खरंच होतं. मलाही गरगरलं, पण मी आवळासुपारी तोंडात टाकली आणि पुन्हा बसले. किती वेळा मेले ते विचारू नका. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा जिन्यात विचारलं, "दुपारचं काय डरकाळ्यांचं ऐकू येतं हो तुमच्याकडे?" मी म्हटलं, "ह्यांचं घोरणं." ह्यांनी ते ऐकलं आणि त्या दिवशी चहा दोनदा मागितला.

बंदूक चालवणं मला शेवटपर्यंत धड जमलं नाही. प्राणी समोर आला की बोट नेमकं दुसऱ्याच कळीवर. म्हणूनच मला ते दिसलं, जे त्या शेकडो शूरवीरांपैकी कुणाला दिसलं नव्हतं. दुसऱ्या टप्प्यात एक तळं आहे. तिथे एकदा मी कळ चुकले आणि बंदूक वर जायच्याऐवजी खाली गेली. वर कशी घ्यायची ते आठवेना, म्हणून तशीच उभी राहिले. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. आणि झाडीतून लांब मानेची एक मादी बाहेर आली.

ती मला खायला आली नव्हती. पाला खाणाऱ्यांपैकी होती ती. तिने मान वाकवून माझ्याकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. मागून एक पिल्लू येत होतं, पायात पाय अडकवत. ती दोन पावलं सरकली आणि माझ्या आणि पिल्लाच्या मध्ये आडवी उभी राहिली. पिल्लू पाणी प्यायलं, पलीकडच्या झाडीत गेलं, आणि तेव्हाच ती हलली. जाताना मागे वळून एकदा खात्री करून घेतली की मी जागची हललेली नाही.

मी खुर्चीत बसून रडले. चाळिशीच्या आत मी वडिलांना पोचवलं तेव्हासुद्धा लोकांसमोर रडले नव्हते, आणि इथे संगणकातल्या जनावरासाठी पदर डोळ्यांना लावून बसले. पुढे चार-पाच दुपारी मी फक्त त्या तळ्यावर जात होते. ह्यांनी दारातून विचारलं, "काय, आज शिकार?" मी म्हटलं, "नाही, भेटायला आलेय."

पूर्ण खेळ संपवला तेव्हा माझ्या खात्यावर बेचाळीस तास लागले होते. आता माझं मत मांडायचा अधिकार मला होता आणि मी ते मांडायला बसले.

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. परीक्षकांमध्ये रीत असते: ज्या वर्षी आपलं मूल परीक्षेला बसतं त्या वर्षी आपण लेखी कळवून पेपर तपासणीतून बाजूला व्हायचं. मुलगी दहावीला होती तेव्हा मी तसं कळवलं होतं. पण ती सातवीला माझ्याच वर्गात होती आणि तिचा पेपर माझ्याच गठ्ठ्यात होता. बेडकाच्या आकृतीत एका नावाची रेघ जराशी इकडे झाली होती. दुसऱ्या कुणाची असती तर मी सोडून दिली असती. तिचा अर्धा गुण कापला. त्या अर्ध्या गुणाने ती दुसरी आली. आपला तो बाब्या ही म्हण आमच्या घरात उलटी चालायची, आणि मला त्याचा गर्वही होता. शिक्षकखोलीत सगळे म्हणायचे, बाई कशा निःपक्षपाती आहेत. त्या दिवशी घरी येताना मुलगी माझ्याशी एक शब्दही बोलली नाही, आणि मी समजले की तिला धडा मिळाला.

तर मी लिहिलं. जंगल सह्याद्रीचं म्हणता आणि त्यात करवंदीची एक जाळी नाही. तिसऱ्या टप्प्यातला ओढा चढावर वाहतो. मोठा प्राणी दगडात अडकतो हे इतरांनी सांगितलंच आहे. शेवटचा टप्पा घंटा व्हायच्या आधी कशाबशा सोडवलेल्या प्रश्नासारखा आहे. मग तळ्याबद्दल लिहिलं, सविस्तर, मान कशी वळते आणि पाय कसे पडतात ते सगळं. शेवटी लिहिलं, "हे ज्यांनी बनवलं त्यांनी प्राणी फार जवळून पाहिलेले आहेत. बंदूक खाली ठेवून हे पाहावं."

मग तो प्रश्न आला. हो की नाही.

'हो' वर बाण नेला आणि माझा हात आखडला. आपल्याच मुलीला आपणच पास करायचं? वशिल्याचा आकडा टाकायचा? जे सांगायचं ते वर लिहून झालं होतं. खालची खूण म्हणजे निव्वळ औपचारिकता, असं मी स्वतःला समजावलं. वाचणारा शब्द वाचेल, खूण कोण बघतंय! चौतीस वर्षांची सवय बोटात होती. मी 'नाही' दाबलं, आणि खोटं कशाला सांगू, दाबल्यावर मला बरंही वाटलं.

रविवारी मुलगी आली. चपला काढल्या त्या एकीवर एक पडल्या, तशाच राहू दिल्या. सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "संमिश्र झालं."

"म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"म्हणजे काल रात्रीपर्यंत आम्ही काठावर होतो, बाबा. बरोब्बर काठावर. एक 'नाही' आलं आणि खाली गेलो. आणि सांगू का, ते मराठीत आहे. जगभरात एकच मत मराठीत, आणि तेच 'नाही'. बेचाळीस तास खेळलाय माणूस!"

मी स्वयंपाकघराच्या दारात पळी हातात घेऊन उभी होते, आणि तिने फोन काढून माझंच लिहिलेलं मला वाचून दाखवायला सुरुवात केली. करवंदीची जाळी म्हणताना तिने तोंड वाकडं केलं. ओढा चढावर वाहतो, इथे ती "हो, ते खरंय" म्हणाली. घंटेवर तर चक्क हसली. मग तळं आलं आणि तिचा आवाज बदलला. सावकाश वाचायला लागली. मान वळते ते वाचलं, पायांचं वाचलं, मध्ये आडवी उभी राहते ते वाचलं. मग फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"दगड मारणाऱ्यांचं काही वाटत नाही मला," ती म्हणाली. "त्यांना काही दिसलेलंच नसतं. पण याला दिसलं ना! सगळ्यांत फक्त याला दिसलं. आणि याने नाही म्हणावं?"

ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला वाटलं घरातल्या भिंतींनासुद्धा कळलंय. गप्प बसता आलं असतं. पण वर्गात पोरांना उभं करून "कुणी केलं ते सांगा" म्हणणारी बाई मी.

"मी लिहिलंय ते," मी म्हणाले.

तिला आधी अर्थच लागला नाही. मग तिने आतल्या खोलीकडे पाहिलं, जुन्या संगणकाकडे. "बेचाळीस तास? तू?"

"दुपारी."

"आणि नाही?"

"तू माझी मुलगी आहेस म्हणून. हो कसं म्हणणार? लोक काय म्हणतील?"

"लोक? कुठले लोक, आई? तुला तिथे कोण ओळखतं?" ती उठून उभी राहिली. मला वाटलं आता ओरडेल, आणि तिने ओरडावं असं मलाही वाटत होतं. पण ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. बोलली ते वेगळंच.

"प्राणी जवळून पाहिलेत म्हणून लिहिलंयस. रविवारी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन तासन् तास हत्ती बघायचे मी, खरंय. चाल त्यांची आहे. पण ते आडवं उभं राहणं हत्तीचं नाही. तुझं आहे."

मला कळेना ती काय म्हणतेय.

"सातारा रस्ता ओलांडताना, शाळेत जाताना. तू माझा हात धरला नाहीस कधी. चल म्हणायचीस आणि गाड्या ज्या बाजूने येतील त्या बाजूला जाऊन उभी राहायचीस. अर्ध्यात गेलो की बाजू बदलायचीस. मी पलीकडे पोचेपर्यंत हलायची नाहीस, बस आली तरी. चार महिने लागले आम्हाला खेळात ते जमवायला. सहकारी म्हणत होते, काढून टाक, कुणी थांबून बघणार नाही. मी म्हटलं, राहू दे."

मी पळी कुठे ठेवली ते आठवत नाही. बेचाळीस तासांत मी तिला ओळखलं होतं, त्या मादीला. स्वतःला ओळखलं नव्हतं.

"मी आत्ता बदलते," मी म्हणाले. "हो करते."

"नाही करायचं." ती वळली. डोळे लाल होते पण आवाज माझ्यासारखा. "बनवणाऱ्याच्या घरच्यांनी मत द्यायचंच नसतं. 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. दुकानाचा नियम आहे. काढून टाक."

म्हणजे माझीच रीत. बाजूला व्हायचं. एवढं साधं मला सुचलं नव्हतं. मी आत जाऊन ते सगळं पुसलं. तळ्यावरच्या त्या ओळीसुद्धा गेल्या, त्याचं वाईट वाटलं.

वाटलं होतं की माझं 'नाही' गेलं की शेरा परत येईल. नाही आला. दरम्यान आणखी दोघांनी 'नाही' म्हटलं होतं. दुष्काळात तेरावा महिना. पुढचे दहा दिवस मी रोज सकाळी पूजेच्या आधी ते पान उघडून बघत होते. कधी एक 'हो' यायचं, मागोमाग एक 'नाही'. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळीही तिथे 'संमिश्र'च होतं.

त्या दिवशी वार रविवार नव्हता, तरी मुलगी दुपारी जेवायला आली. कंपनीला होकार पाठवायचा होता. वारज्याच्या फ्लॅटमधल्या खुर्च्या भाड्याच्या होत्या. त्या न्यायला माणूस येणार होता आणि एक सहकारी तिथे थांबला होता. हे सगळं ती अगदी नीट, क्रमाने सांगत होती. मी म्हटलं, "एवढी घाई काय आहे?" ती म्हणाली, "अट म्हणजे अट, आई." ही भाषा तिला कुणी शिकवली ते मला माहीत होतं. अर्ध्या गुणाचीही सूट द्यायची नाही, स्वतःला तर मुळीच नाही. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला माझीच भयंकर भीती वाटली.

ताटात मटकीची उसळ होती. तिने पहिला घास घेतला. हे खाली मान घालून जेवत होते. मी वाढायचं सोडून तिच्या समोरच्या खुर्चीत बसले. घरातले सगळे जेवत असताना मी कधी बसत नाही, म्हणून दोघांनीही वर पाहिलं.

"तुझा खेळ चांगला झालाय," मी म्हणाले. "फार चांगला झालाय. मला फार आवडला."

ती घास हातात धरून थांबली. माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होती. मी तिला तसंच वाढवलं आहे.

"पण?" तिने विचारलं.

"पण काही नाही."

तिने घास ताटात ठेवला, आणि उजवा हात खरकटा म्हणून डाव्या हाताने वारज्याला फोन लावला.

"अरे, खुर्च्या न्यायला माणूस आला का?" तिने विचारलं. "आला असेल तर परत पाठव त्याला."